पेन्शनरांचे अर्ज : शिपाईगिरीच्या मराठी आठवणींचा एक दुर्लक्षित आकृतिबंध

मराठीत लष्करी इतिहासाचे लेखन विपुल आहे. लढायांची वर्णने, सेनापतींची चरित्रे, किल्ल्यांचे आणि मोहिमांचे इतिहास यांची वाण नाही. परंतु पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झालेल्या, पंधरा-वीस वर्षे चाकरी करून गावी परतलेल्या माणसाने आपल्या भरतीकडे आणि चाकरीकडे पुन्हा पाहून लिहिलेले काही शोधू लागले, तर हाती फारसे लागत नाही. जे मिळते ते बहुधा अधिकाऱ्यांचे असते. कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या ‘सैन्यातील आठवणी’ पहिल्या महायुद्धाच्या आहेत. पण लिमये लष्करात गेले ते डॉक्टर म्हणून. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी आपले आत्मचरित्र लिहिले ते इंग्रजीत, आणि ते १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. हातात बंदूक घेऊन रांगेत उभा राहणारा जो बहुसंख्य माणूस, तो या पुस्तकांत दिसतो; बोलत मात्र नाही.

मराठीबाहेरही स्थिती फार वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकातील हिंदी शिपायाचे आत्मवृत्त म्हटले की सर्वत्र एकाच पुस्तकाचा दाखला दिला जातो. अवधमधील सीताराम पांडे याने बंगाल आर्मीत सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे काढली, तो शिपायाचा सुभेदार झाला, आणि निवृत्तीनंतर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने आपली हकीकत लिहून काढली, अशी या पुस्तकाची कथा. नॉरगेट या अधिकाऱ्याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखित मात्र अभ्यासकांच्या हाती आलेले नाही, आणि त्यामुळे या आत्मवृत्तातील किती भाग सीतारामचा आणि किती भाषांतरकाराचा, हा वाद मिटलेला नाही. वादाचा निकाल काहीही लागो. या पुस्तकाची एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ही हकीकत साहेबाने मागितली म्हणून सांगितली गेली. ती ऐकणारा आधी ठरला, सांगणारा नंतर बोलला.

मराठी शिपायाच्या बाबतीत क्रम नेमका उलटा दिसतो. त्याची हकीकत कोणी मागितली नाही. ती त्यानेच लिहिली, सरकारने ऐकावी म्हणून लिहिली, आणि तिला त्याने आत्मवृत्ताचे रूप न देता अर्जाचे रूप दिले. साहित्याच्या इतिहासकारांनी आत्मचरित्रांच्या कपाटात शोध घेतला आणि तेथे काही नाही असे नोंदवले. अर्जांच्या दप्तराकडे समाजशास्त्र आणि राजकीय इतिहास यांचे अभ्यासक गेले. त्यांनी त्यांतील मागण्या टिपल्या; निवेदनाची तऱ्हा हा त्यांचा विषय नव्हता. या दोहोंच्या मध्ये एक संपूर्ण लेखनप्रकार वाचायचा राहून गेला आहे.

यातील सर्वांत महत्त्वाचा लेख म्हणजे १८९४ चे विनंतीपत्र. त्याची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. कंपनी सरकारच्या मुंबई आर्मीत आरंभापासून महार शिपायांची भरती होत असे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख पुष्कळदा ‘परवारी’ असा येतो. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर भीमेकाठी जो स्तंभ उभारला गेला, त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी बावीस नावे आहेत. ती महार शिपायांची आहेत. या आर्मीत निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत असत. १८५७ नंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत प्रबळ झाला. काही जाती स्वभावतःच युद्धयोग्य आणि इतर अयोग्य, अशी विभागणी रूढ होऊन १८९२-९३ च्या सुमारास पलटणींची जातवार रचना करण्यात आली. जातवार कंपन्या करावयाच्या म्हटल्यावर महारांना त्यांत जागा उरली नाही. सव्वाशे वर्षांची वाट बंद झाली. तीन पिढ्या पलटणीत घालवलेल्या घरांतील मुलांना भरतीच्या ठिकाणाहून परत पाठवले जाऊ लागले.

या घरांपैकी अनेक घरे दापोलीच्या आसपास होती. दापोली हे पेन्शनरांचे गाव. चाकरी संपवून आलेले सुभेदार, जमादार, हवालदार तेथे वस्ती करून राहत. गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच एक. मूळचे महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त झाले, जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारले गेले, १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि पुढे ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था काढली. मुंबई इलाख्याच्या सरसेनापतींना उद्देशून तयार झालेले १८९४ चे विनंतीपत्र या मंडळीच्या नावे आहे. भाषा मराठी. मागणी एकच : बंद केलेली भरती पुन्हा सुरू करावी.

आता या विनंतीपत्राच्या मांडणीकडे पाहू. साध्या अर्जाला मागणी आणि तिचे कारण एवढे पुरते. येथे मात्र अर्जदार इतिहास सांगू लागतात. आपण मूळचे क्षत्रिय होतो, दुर्गादेवीच्या भीषण दुष्काळात (हा दुष्काळ १३९६ चा म्हणून सांगितला जातो) मिळेल ते अन्न खाऊन जगावे लागले आणि त्यातून हीनत्व माथी आले, अशी ती हकीकत आहे. त्यानंतर इंग्रज सरकारच्या चाकरीचा दाखला येतो. म्हणजे मागील थोरवी, मध्ये कोसळलेले संकट, चाकरीने पुन्हा मिळवलेली प्रतिष्ठा, आणि आता झालेला अन्याय अशा चार पायऱ्यांनी हा लेख चढतो. दुष्काळाचा तपशील ऐतिहासिक कसोटीवर कितपत टिकतो, हा वेगळा प्रश्न. येथे पाहावयाचे ते हे, की भरतीची मागणी करण्यासाठी एवढ्या लांबून सुरुवात करावी असे अर्जदारांना का वाटले?

त्याचे उत्तर इंग्रजी अर्जाच्या नमुन्यात सापडणार नाही. ते मराठी दप्तरातच आहे. वतनाचा किंवा इनामाचा तंटा उभा राहिला की वतनदार आपला करीना लिहून देत असे. करीना म्हणजे घराण्याची हकीकत : मूळ पुरुष कोण, त्याने कोणत्या प्रसंगी धन्याची कोणती कामगिरी केली, कोण कामी आला, त्याबद्दल काय मिळाले, मध्ये धामधुमीत कागद कसे जळाले किंवा वतन दुसऱ्याने कसे बळकावले, आणि सांप्रत वारसाची विनंती काय. कैफियतीची धाटणीही थोडीफार हीच. १८५२ मध्ये नेमलेल्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपले हक्क शाबीत करावे लागले, तेव्हा हा प्रकार इंग्रजी अमलातही जिवंत राहिला. करीन्यात ‘मी’ फारसा नसतो. बोलतो वारस, पण कर्तबगारी पूर्वजाची असते, आणि सर्व आठवणी हक्काच्या दिशेने वाहत असतात. ज्या आठवणीचा हक्काशी संबंध नाही, तिला करीन्यात जागा नाही.

१८९४ चे विनंतीपत्र वाचताना या धाटणीची ओळख पटते. फरक आहे तो एवढाच, की येथे वतनाच्या जागी पलटणीची चाकरी आलेली आहे. हा फरक लहान नाही. महाराला गावात वतन होतेच. पण ते वतन म्हणजे वेठ, निरोप पोचवणे, मेलेले जनावर ओढणे आणि त्या बदल्यात बलुते. पलटणीत नाव घातले की त्या वतनातून सुटका होत होती. डॉ. आंबेडकरांनी आपल्या घराण्याविषयी लिहितानाही हेच नोंदवले आहे, की कंपनीचे राज्य सुरू झाल्यापासून पूर्वजांनी वंशपरंपरेचे काम सोडून लष्करी चाकरी धरली. एक वतन टाकून दुसरे कमावले, अशी ही भावना होती. दरमहा येणारी पेन्शन, गावात नावापुढे लागणारे ‘सुभेदार’ किंवा ‘जमादार’, मुलाला त्याच पलटणीत मिळणारी जागा ही त्या नव्या वतनाची अंगे होत. १८९२-९३ च्या हुकमाने हे वतन जप्त झाले. आणि जप्त वतन सोडवायचे तर करीना लिहावयाचा, ही रीत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक होती.

या संदर्भात एका तोंडी परंपरेचा उल्लेख टाळता येत नाही. महारांचे बावन्न हक्क कसे मिळाले, याची एक कथा महाराष्ट्रात सांगितली जात असे. बेदरच्या बादशहाच्या बेगमेला परत आणण्याच्या जोखमीच्या कामगिरीवर अमृतनाक महार निघतो. निघण्यापूर्वी तो एक बंद पेटी बादशहाच्या स्वाधीन करतो. कामगिरी फत्ते करून तो परतल्यावर बेगमेच्या शीलाविषयी संशय घेतला जातो, तेव्हा तो पेटी उघडावयास सांगतो. निघण्याआधीच त्याने स्वतःचे पुरुषत्व छेदून पेटीत ठेवलेले असते. बादशहा इनाम माग म्हणतो. अमृतनाक स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागतो. कथेचा काळ आणि खरेखोटेपण यांत शिरण्याचे कारण नाही. तिची घडण विनंतीपत्राशी किती जुळते, ते पाहावे. चाकरी केली, एवढे पुरत नाही. इमानाचा पुरावा आधीच मोहोरबंद करून ठेवावा लागतो. आणि जे मिळते ते एकट्याला न मिळता सर्वांना मिळते. कोरेगावच्या स्तंभावरील बावीस नावे ही पेन्शनरांच्या पिढीच्या हातातली बंद पेटीच होती, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरू नये. पेटी सरकारनेच दगडात घडवून ठेवलेली होती.

‘आम्ही’चा मुद्दाही येथेच लक्षात घ्यावयास हवा. ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांतील ‘मी’ हा एकट्याचा नसून समूहाचा असतो, असे समीक्षेत वारंवार म्हटले गेले आहे, आणि त्याची कारणे आंबेडकरी चळवळीत शोधली गेली आहेत. ती बरोबरच आहेत. परंतु समूहाच्या वतीने, समूहाच्या भूतकाळाचे दाखले देत, सत्तेपुढे आपली हकीकत मांडण्याची सवय या समाजाच्या लेखनाला त्याही आधीची आहे. विनंतीपत्राचा प्रभाव आत्मकथनांवर थेट पडला असे दाखवता येणार नाही, आणि तसे म्हणण्याचा मोह आवरलेलाच बरा. तरीही दलित गद्याचा आरंभ सांगताना पेन्शनरांच्या अर्जांना वगळावे, हेही योग्य नव्हे.

या आकृतिबंधाची किंमतही होती, आणि अभ्यासकाला ती ओळखावी लागते. हक्क शाबीत करण्यासाठी लिहिणारा माणूस चाकरीचे जिणे सांगत नाही. पहाटेची कवायत, मेसपॉटचे खाणे, पगारातून होणारी कपात, परमुलखात मेलेल्या सोबत्याला दिलेला अग्नी, दुसऱ्या जातीच्या शिपायाबरोबर एकाच तंबूत काढलेल्या रात्री, गोरा अंमलदार रागावल्यावर मिळणारी शिक्षा, यांतले काही अर्जात येऊ शकत नाही. त्याने मागणीला बळ येत नाही. उलट बाधच येण्याचा संभव. ज्या लोकांविरुद्ध बंदूक चालवली ते आपल्याच मुलखातले होते, ही गोष्ट तर सांगावयाची नाहीच. कोरेगावी समोर पेशव्यांची फौज होती. अर्जाच्या दृष्टीने तेथे महत्त्वाचे होते ते इमान. शिवाय पेन्शन सरकारच्या हातात होती. पेन्शनर जे लिहितो ते सरकारचा पेन्शनर म्हणूनच लिहितो, याचे भान वाचताना सुटता कामा नये.

चाकरीत असताना लिहिलेली पत्रेही या बंधनातून सुटलेली नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे वाचण्यासाठी खास खाते होते, आणि आपले पत्र वाचले जाते हे शिपायांना कळून चुकले होते. म्हणून काळे मिरे आणि लाल मिरची अशा खुणांनी हिंदी आणि गोऱ्या सैनिकांविषयी लिहिले जाई. किती मिरे संपले, मिरची किती उरली, एवढ्यावरून घरच्यांनी काय ते समजावे. अर्जात मात्र खुणेला वाव नाही. तेथे गाळणे हाच एक उपाय.

वलंगकरांनंतर हा प्रकार बदलत गेला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये लंडनच्या भारतमंत्र्यांकडे गेलेला महारांचा अर्ज इंग्रजीत आहे. पूर्वजांच्या लष्करी चाकरीचा आधार त्यातही आहे. पण मूळच्या क्षत्रियत्वाचा दावा आता मागे पडला आहे, आणि पोलीस व लष्कर यांतील अगदी खालच्या जागा तरी द्याव्यात, ही मागणी ब्रिटिश प्रजेच्या समान वागणुकीच्या आधारावर उभी आहे. करीन्याची चौकट सैल होऊ लागली होती. कांबळे स्वतः पेन्शनर नव्हते, हेही त्याचे एक कारण असावे. पुढे १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच काळात मोडली गेली. बेळगावला १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहीपर्यंत भरतीचा प्रश्न धसाला लागला नव्हता. मधल्या काळातील अर्जांचा इतिहास राजकीय इतिहासात नोंदलेला आहे. येथे त्याची पुनरुक्ती नको.

येथे एक उपप्रश्न उभा राहतो. मराठा शिपायांचे काय? मराठा पलटणींची भरती बंद झाली नव्हती. कूतच्या वेढ्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, तीन मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या. इटलीत यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढा अनुभव पाठीशी असूनही साध्या मराठा शिपायाचे लेखन विरळ आहे. अक्षरओळखीचा अभाव हे कारण नेहमी दिले जाते, पण ते पुरेसे नाही. अर्ज लिहिणाऱ्यांतही सही करता न येणारे असणारच. अधिक संभाव्य कारण असे, की ज्याची वाट उघडी राहिली त्याला आपला करीना मांडण्याची गरज पडली नाही. त्याची आठवण घरातल्या जात्यावरच्या ओवीत आणि गावच्या दगडात राहिली. महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवलेल्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटीवर आकडे असतात, नावे नसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे सेहेचाळीस जण त्या युद्धात पडले, हे सर्वत्र सांगितले जाते. त्यांच्याबरोबर गेलेल्या आणि परत आलेल्यांनी काय पाहिले, हे सांगणारा कागद मात्र तसा हाती येत नाही.

मग पेन्शनरांनी अर्जातून गाळलेले जिणे कोठे गेले? त्याचा काही अंश पुढच्या पिढीच्या लेखनात सापडतो, आणि या दृष्टीने डॉ. आंबेडकरांचे आत्मपर लेखन पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यांचे वडील रामजी मालोजी सुभेदार, लष्करी शाळेत शिकवणारे, भरतीबंदीच्या सुमारासच निवृत्त होऊन कुटुंब घेऊन दापोलीस आले. दापोलीच्या महार पेन्शनरांना त्याच दशकात मुलांच्या शाळाप्रवेशासाठीही अर्ज करावे लागत होते. पलटणीच्या शाळेत शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे, आणि गावच्या शाळेत ओटीवर बसण्याचीही मारामार, या दोन टोकांमध्ये हे घर उभे होते. रामजींची शिस्त, पहाटे उठवून घेतलेला अभ्यास, संध्याकाळचे भजन आणि पाठ, ही लष्करी जिण्याची घरात उतरलेली रूपे आहेत. बुद्धाच्या धम्मावरील ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या वडिलांशी झालेला एक वाद सांगितला आहे. महाभारत-रामायण आम्हांस का वाचावयास लावता, असे मुलाने विचारले. आपण अस्पृश्य असल्यामुळे मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे, द्रोण आणि कर्ण किती लहान होते आणि किती उंचीला गेले ते पाहा, असा वडिलांच्या उत्तराचा आशय होता. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. चाकरीने आणि गुणाने माणूस वर चढतो, ही पेन्शनराची श्रद्धा त्या उत्तरात आहे. विनंतीपत्रातही तीच आहे.

ही श्रद्धा कोठे थांबत होती, ते डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या हस्तलिखितातील पहिल्या प्रसंगात दिसते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीस होते. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून मुले त्यांना भेटावयास निघाली. अंगात नवे इंग्रजी तऱ्हेचे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. पेन्शनराच्या घरची ती ऐट होती. मसूरच्या स्थानकावर उतरल्यावर न्यावयास कोणी आलेले नव्हते. स्थानकमास्तरने कपड्यांवरून ही ब्राह्मणाची मुले असावीत असे समजून आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत, असे मुलाने भाबडेपणाने सांगितले. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊ केले तरी तयार होईनात. अखेर तोडगा निघाला तो असा, की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. वाटेत रात्र झाली. टोलनाक्यावर पाणी मागावयाचे तर आपण मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. मुलाने तसे सांगून पाहिले. पाणी मिळाले नाही. जवळ अन्न होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना, आणि सुभेदाराची मुले त्या रात्री उपाशीच झोपली.